धाकटीच्या डोळ्यातली हळद

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. एका गल्लीत हाडांचा, दुसरीत डोळ्यांचा, तिसरीत बाळंतपणाचा. पण पोटाचं जुनाट दुखणं घेऊन जतकडून, विजापूरकडून, बेळगावकडून आलेला माणूस स्टेशनबाहेर रिक्षात बसला की पत्ता सांगत नसे. "पट्टणशेट्टी बाईंकडं," एवढंच म्हणे आणि रिक्षा सुटे.

डॉक्टर अरुंधती पट्टणशेट्टी तेव्हा एकसष्ट वर्षांच्या होत्या. उंच, सडसडीत, बोलायला कमी. त्यांच्या थिएटरात शेवंता आवटी एकतीस वर्षं मावशी म्हणून काम करत होती. फरशी धुण्यापासून तिनं सुरुवात केली होती. आता हत्यारांची मांडामांड, यंत्रांची झाकपाक, रुग्णाला टेबलावर घेणं, सगळं तिच्या नजरेखालून जाई. नव्या सिस्टरांना ती सांगायची, "बाईंच्या टाक्याकडं बघा. घट्ट न्हाई, सैल न्हाई. तसा टाका आख्ख्या जिल्ह्यात कुणाचा न्हाई." आपलाच हात असल्यासारखं ती हे सांगायची.

बाई ज्या दुखण्यावर रात्रंदिवस विचार करत, त्याचं नाव क्रोन्स. यात बाहेरचा जंतू शोधून सापडत नाही. शरीराची राखण करणारं सैन्यच आपल्या आतड्यावर उलटतं. आतड्याला आतून जखमा होतात, त्या भरताना जागा आखडते, आणि एक दिवस आतडं इतकं अरुंद होतं की पेजसुद्धा पुढं सरकत नाही. मग तो तुकडा कापून दोन चांगली टोकं जोडावी लागतात. माणूस उठतो, जेवायला लागतो, अंगावर मांस धरतो. आणि वर्ष-दोन वर्षांत दुखणं परत येतं. येतं ते नेमकं सांध्यावरच. जणू त्याला घराचा रस्ता पाठ असतो.

ते सांध्यावरच का येतं, यावर जगभर वाद होते. आतडं पोटात सुटं नसतं. एका चरबीच्या पडद्याला ते लोंबकळत असतं आणि त्या पडद्यातूनच त्याला रक्त मिळतं. काहींचं म्हणणं, रोगाची मुळी त्या पडद्याकडून येते, म्हणून सांधा पडद्यापासून लांब, आतड्याच्या उलट्या अंगाला घ्यावा आणि मागं टाक्यांची एक भिंत उभी करावी. जपानात निघालेली ही रीत बाई हातानं शिवत, आणि त्यांनी तिच्यात आपले दोन बारकावे घातले होते. दुसऱ्यांचं म्हणणं, पडदाच कापून टाकावा, टोकाला टोक जोडावं, मात्र प्रत्येक टाका जिथं रक्त भरपूर आहे तिथंच घालावा.

हे दुसरं काम माणसाच्या डोळ्याला जमणारं नव्हतं. त्यासाठी पुण्याच्या एका कंपनीनं यंत्र केलं होतं. रुग्णाच्या शिरेत एक रंगद्रव्य सोडायचं, यंत्रानं पोटात निळा उजेड टाकायचा. जिथं रक्त चांगलं खेळतं तिथं आतडं हिरवं चमकतं, जिथं कमी तिथं काळपट दिसतं. यंत्राच्या बाहूवरच्या गोल काचेतून ते चमकणं मोजलं जाई आणि केसाएवढ्या सुईनं यंत्र स्वतःच टाके घाली. बाईंनी फक्त बाजूला उभं राहायचं. धोका दिसला तर थांबवायचं, एरवी मध्ये पडायचं नाही, असा नियमच होता.

थिएटरातल्या बायकांनी हाताच्या सांध्याला थोरली आणि यंत्राच्या सांध्याला, पुढं यंत्रालाच, धाकटी अशी नावं पाडली. दोघी जावा एका घरात नांदायला आल्या होत्या आणि कोण सरस ते ठरायचं होतं. एकशे वीस रुग्ण. कुणाला थोरली, कुणाला धाकटी हे संगणक चिठ्ठी काढून ठरवी. रुग्णाला ते सांगायचं नाही. सहा महिन्यांनी दुर्बीण घालून सांधा बघायचा, आणि बघणारा डॉक्टर पुण्याचा, त्यालाही कुठला सांधा कुणाचा ते माहीत नाही. अशी चोख व्यवस्था बाईंनी लावली होती.

ही व्यवस्था मोडली ती खंडेनवमीला.

त्या दिवशी या रुग्णालयात हत्यारांची पूजा होई. कात्र्या, चिमटे, टेबल, वरचा मोठा दिवा, वाफेचं भांडं, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं. दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन, उकळून पुन्हा कामाला. बाई स्वतः आरतीला उभ्या राहत. थिएटरच्या प्रमुख रोझलिन सिस्टर चर्चला जाणाऱ्या, पण झेंडूच्या माळा दरवर्षी त्याच ओवत. म्हणत, "फुलाला काय धर्म असतोय?"

यंत्राची देखभाल करणारी केतकी वैशंपायन सणाला पुण्याला गेली होती. जाताना तिनं यंत्रावर पाटी चिकटवली होती : यंत्रास हात लावू नये. लावलाच तर का लावला ते वहीत लिहावे.

रोझलिन सिस्टरांनी पाटी मोठ्यानं वाचली. "बघ शेवंता, पुण्याची पोरगी. जाताना पण भांडून गेली."

"मी कशाला हात लावू? बोट लावते," शेवंता म्हणाली.

तिच्या मनाला एक गोष्ट पटत नव्हती. सगळ्या थिएटराला हळदीकुंकू लावायचं आणि घरात आलेल्या नव्या सुनेचं कपाळ तेवढं कोरडं ठेवायचं? तिनं तिळाच्या तेलात हळद कालवली होती, पुसून जाऊ नये म्हणून. गोल काचेच्या वरच्या कडेला, जिथं कपाळ असावं असं वाटलं तिथं, तिनं एक बोट हळद आणि त्यावर कुंकवाचा ठिपका लावला. बाईंनी एक फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतानं ओल्या फडक्यानं काच आणि कड लख्ख पुसली. वहीत काही लिहिलं नाही. पूजा ही काय वहीत लिहायची गोष्ट आहे?

पण तेलात मिसळलेली हळद काच आणि कडेच्या मधल्या केसाएवढ्या फटीत उतरली होती. प्रत्येक शस्त्रक्रियेच्या वेळी काचेवर नवं निर्जंतुक आवरण चढे, त्यामुळं रुग्णाला जंतूचा धोका नव्हता. पण आवरणाखाली कुणी बघतही नव्हतं. यंत्र रोज सकाळी आपली आपण तपासणी करी, ती पांढऱ्या उजेडात. पांढऱ्या उजेडात सगळं ठीक दिसे.

माघात शेवटचा रुग्ण झाला. निकाल लागेपर्यंत यंत्र वापरायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून धाकटीवर चादर पडली.

श्रावणात मोजणी आली. थोरलीच्या साठ रुग्णांत अठरांचं दुखणं परतलं होतं, म्हणजे शंभरात तीस. धाकटीच्या साठांत चोवीस, शंभरात चाळीस.

रुग्णालयात पेढे वाटले गेले. बाईंना दिल्लीच्या मोठ्या परिषदेत बोलायला बोलावणं होतं. कमानीवर फलक लागला, त्यावर बाईंचा फोटो, आणि खाली 'मिरजेच्या हाताचा विजय' असं कुणीतरी छापलं होतं. बाईंनी तो उतरवायला सांगितला. ट्रस्टच्या लोकांनी ऐकलं नाही. शेवंता तर येता-जाता त्या फलकाखाली थांबे. वॉर्डात कुणी विचारलं तर म्हणे, "यंत्राला काय, दोन वर्षं झाली. ह्या हाताला पस्तीस वर्षं झालीत."

तिसऱ्या श्रावणी शुक्रवारी सिस्टरांच्या खोलीत हळदीकुंकू होतं. फुटाणे, आटवलेलं दूध, हसणं-खिदळणं. केतकी यंत्राच्या वार्षिक तपासणीला आली होती. तिनं धाकटीवरची चादर काढली, निळा दिवा तापायला लावून ठेवला आणि दूध प्यायला बाहेर आली. खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. शेवंता चादर घडी करायला आत गेली. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना हळद होती.

ती यंत्रासमोरून गेली आणि जागीच थांबली.

निळ्या उजेडात तिची दोन बोटं हिरवी पेटली होती. काजव्यासारखी. तिनं बोटं मागं घेतली, विझली. पुढं केली, पेटली. तिला गंमत वाटली. "सिस्टर, बघा की हिकडं!" म्हणून तिनं हाक मारली, आणि बोलता बोलता तिची नजर काचेकडं गेली. काचेच्या वरच्या कडेला, फटीत, हिरव्या उजेडाची बारीक कोर होती. तिच्या बोटांच्याच रंगाची.

रोझलिन सिस्टर दारात आल्या. "काय गं?"

शेवंतानं आपलं बोट काचेपाशी नेलं. बोट आणि कोर, दोन्ही एकसारखी चमकत होती.

रोझलिन सिस्टर तीस वर्षं थिएटरात होत्या, त्यांना समजवायला लागलं नाही. जिथं हिरवं तिथं रक्त, असं यंत्राला शिकवलेलं. आणि यंत्राच्या डोळ्यातच हिरवं बसलेलं. म्हणजे जिथं बघेल तिथं त्याला थोडं जास्तच रक्त दिसणार.

"खंडेनवमी," शेवंता म्हणाली.

"कितीजण झाले त्यानंतर धाकटीचे?"

"अकरा."

शेवंताला अकराही नावं पाठ होती. त्यांना टेबलावर तिनंच घेतलं होतं.

सिस्टरांनी मागं वळून दार लोटलं. ट्रॉलीवरचा स्पिरिटचा बोळा उचलून त्यांनी शेवंताच्या हातात दिला. "पूस."

"सिस्टर..."

"पूस म्हणते ना. टाचणीनं फट कोरू, दोन मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात बाई दिल्लीला चालल्यात. तुझं एक वर्ष राहिलंय नोकरीचं. आणि ज्यांचं व्हायचं ते होऊन गेलं की गं. पुसल्यानं काय त्यांचं बिघडणार हाय?"

शेवंतानं बोळा हातात धरला. स्पिरिट बोटांना गार लागत होतं. सिस्टर वाईट बाई नव्हत्या. त्या शेवंतासाठी बोलत होत्या, बाईंसाठी बोलत होत्या. आणि खरं म्हणजे शेवंताला स्वतःपेक्षा बाईंचीच जास्त भीती वाटत होती. बाई रागावतील याची नव्हे. बाई हरतील याची. तो फलक, ते पेढे, पस्तीस वर्षांचा हात. ही कोर पुसली तर बाई जिंकलेल्या राहतील. ठेवली तर कुणास ठाऊक.

पण त्या अकराजणांना कुणी सांगणार होतं का, की तुमच्या सांध्यात कच्ची जागा राहिली असेल, जपा, लवकर औषध घ्या? पुसल्यावर ते सांगणारं कुणीच उरत नव्हतं.

"सिस्टर," ती म्हणाली, "बाईंच्या टाक्याचं मी जगाला सांगत आले. घट्ट न्हाई, सैल न्हाई. आता ह्यो असला खोटा टाका त्यांच्या नावावर कसा घालू?"

तिनं बोळा ट्रेमध्ये टाकला. धाकटीवर चादर घातली, कुणी हात लावू नये म्हणून. आणि हळदीच्या हातानंच ती बाईंच्या खोलीकडं गेली.

बाई दिल्लीच्या भाषणाचे कागद बघत होत्या. शेवंतानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तेल कुठलं, बोट कुठलं, पुसलं कशानं, काही राखलं नाही. बाई उठल्या, थिएटरात गेल्या, पडदे ओढले, निळा दिवा लावला आणि त्या कोरीकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"आरतीला मी पण होते, शेवंता," त्या म्हणाल्या.

"तुम्ही फूल वाहिलं. फूल गेलं. हळद माझी."

"यंत्राच्या पडद्यावर हिरवी झाक होती. मला चार-पाचदा वाटलं, आतड्याची कड जरा काळी आहे, यंत्र तरी टाका का घालतंय? पण मी म्हटलं, ह्या धाकटीबद्दल माझ्या मनात अढी आहे म्हणून मला तसं वाटतंय. म्हणून गप्प बसले." बाई जराशा हसल्या, पण ते हसणं नव्हतं. "तू हळद लावलीस. मी प्रामाणिकपणा लावला. दोन्ही नको तिथं."

"बाई, दिल्लीचं?"

"दिल्ली कुठं पळून जात नाही. केतकीला बोलाव."

केतकीनं आधी आपली पाटी दाखवली, मग कपाळाला हात लावला, मग बसून कामाला लागली. पाच दिवस ती जागची हलली नाही. धाकटीनं आपल्या प्रत्येक टाक्याचं चित्र जपून ठेवलं होतं. त्या चित्रातून हळदीची झाक वजा केली की त्या क्षणी तिथं खरं रक्त किती होतं ते काढता येत होतं. सहाव्या दिवशी तिनं बाईंना आणि शेवंताला भिंतीवरच्या पडद्यासमोर बसवलं.

"हे अकराजणांचे सांधे. लाल ठिपके म्हणजे कमी रक्ताच्या जागी पडलेले टाके. एकूण दोनशे सहा." तिनं एक कळ दाबली. "आणि ही सहा महिन्यांनंतरची दुर्बीण. निळे ठिपके म्हणजे नव्या जखमा."

निळे ठिपके लाल ठिपक्यांवर बसत गेले. एकावर एक. बहुतेक सगळे, आणि बहुतेक आतड्याच्या चरबीच्या पडद्याकडच्या अंगाला. अकरापैकी नऊजणांचं दुखणं परतलं होतं.

बाई खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या.

इथं काय झालं होतं ते नीट समजून घ्यायला हवं. कमी रक्ताच्या जागी टाका पडला तर रोग तिथूनच उगवतो का, हा प्रश्न सगळ्या जगाला पडलेला होता. पण त्याचं उत्तर काढायचं तर कुणाच्या तरी पोटात जाणूनबुजून वाईट टाका घालावा लागला असता, आणि ते कुठलाही डॉक्टर करणार नाही, करूही नये. जे मुद्दाम करणं पाप होतं ते मिरजेत एका बोटभर हळदीनं चुकून झालं होतं, आणि टाक्याटाक्याची नोंदही राहिली होती.

"ह्या अकरांना बाजूला काढलं तर?" बाईंनी विचारलं.

"धाकटीचे एकोणपन्नास उरतात. त्यात पंधरांचं परतलं," केतकी म्हणाली. "शंभरात तीसच धरा."

थोरली तीस. धाकटी तीस. मिरजेच्या हाताचा विजय संपला होता.

शेवंता खाली मान घालून बसली होती. बाई तिच्याकडं वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे शेवंतानं एकतीस वर्षांत दोनदा-तीनदाच पाहिलं होतं, मोठा कठीण तुकडा पोटातून अखंड बाहेर आला की दिसायचं ते.

"वर बघ," बाई म्हणाल्या. "माझा हात जिंकला असता तर काय झालं असतं? मी मेले की हात गेला. आता बघ. थोरलीची बांधणी घ्यायची, चरबीच्या पडद्यापासून लांब, मागं भिंत. आणि टाका कुठं घालायचा ते धाकटीच्या डोळ्यानं ठरवायचं, स्वच्छ डोळ्यानं. हे कुणालाही शिकवता येईल. मी गेल्यावरही."

दिल्लीला त्यांनी हेच सांगितलं. अकराजणांना मोजणीतून वेगळं काढलं, का काढलं ते हळदीसकट सांगितलं आणि आरतीला आपण होतो हेही सांगितलं. सभागृहात आधी हशा पिकला, आणि मग लोक उभे राहिले. ट्रस्टनं चौकशी नेमली. शेवंताला पंधरा दिवस घरी बसवलं. रोझलिन सिस्टरांनी चौकशीत आपण होऊन सांगितलं की पुसायचा सल्ला माझा होता, आणि तिनं तो ऐकला नाही. बाईंनी लिहून दिलं की शेवंताला शिक्षा होणार असेल तर तीच मलाही व्हावी. शेवटी ताकीद देऊन सगळ्यांना सोडलं.

पण शेवंताच्या मनातलं काम अजून बाकीच होतं.

अकराजणांना सांगायला बाई स्वतः गेल्या, आणि शेवंता बरोबर गेली. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. जत, अथणी, कवठेमहांकाळ, तासगाव. कुठं लोकांनी चहा दिला, कुठं दिला नाही. एका म्हातारीनं सगळं ऐकून विचारलं, "म्हंजे देवाच्या हळदीनंच बाधा झाली म्हणायची?" शेवंता म्हणाली, "देवाची न्हाई आज्जी, माझी." आठजणांना औषध वेळेत सुरू झालं, कारण वेळेत कळलं. दोघांना तर अजून जखमाच नव्हत्या, त्यांना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं.

अकरावा मिरजेतलाच. जमीर सतारमेकर, चौतीस वर्षांचा. तंतुवाद्यांच्या गल्लीत त्याचं दुकान होतं, घराण्याचं. त्याचं आतडं पुन्हा आखडलं होतं. औषधानं भागणार नव्हतं, पुन्हा कापावं लागणार होतं. बाई आणि शेवंता दुकानात गेल्या तेव्हा तो तंबोऱ्याची घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, कानशीनं घासत होता. समोर त्याची आई बसली होती.

बाईंनी सांगितलं. जमीरनं ऐकलं. कानस खाली ठेवली.

"आणखी एकदा?"

"आणखी एकदा."

"कुणी लावली होती हळद?"

"मी," शेवंता म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. दोन महिन्यांत त्याचं वजन नऊ किलोनं उतरलं होतं, गालाची हाडं वर आली होती. "मावशी, मी तुम्हाला ओळखतो की. आत नेताना तुम्हीच माझा हात धरला होता. म्हणाला होता, काय न्हाई होत बाळा."

"व्हय."

"मग झालं की!" तो ओरडला. तारा जुळलेला एक तंबोरा भिंतीला टांगलेला होता, तो त्या आवाजानं गुणगुणला. "मला दोन महिने झाले, अम्मीच्या हातची खिचडी पोटात राहत नाही. आणि तुम्ही येऊन सांगताय हळद? हळद, मावशी?"

त्याची आई म्हणाली, "जमीर, बस."

"नाही बसत. चुकले म्हणून पाया पडावं, मोकळं व्हावं, एवढ्यासाठीच आला असाल ना?"

शेवंताला रडू येत होतं, पण ती रडली नाही. तिला वाटलं, आपण रडलो तर हा पोरगा आपली समजूत काढत बसेल, आणि तेवढं तरी त्याच्यावर लादू नये. "मोकळी व्हायला न्हाई आले," ती म्हणाली. "तू कुठं बी जा. पुण्याला जा, मुंबईला जा. पण जिथं जाशील तिथं सांग, टाक्याखाली रक्त बघून घ्या म्हणावं. तेवढं विसरू नको. एवढंच सांगायला आले."

जमीरनं कानस उचलली आणि पाठ फिरवली. दोघी परत आल्या. रस्त्यात बाई म्हणाल्या, "पुण्याला जाईल तो. जावंच त्यानं."

चौथ्या दिवशी जमीरची आई रुग्णालयात आली. बाईंच्या खोलीत न जाता थेट थिएटरच्या दाराशी येऊन तिनं शेवंताला बाहेर बोलावलं.

"तो पुण्याला चौकशी करून आला," ती म्हणाली. "तिथल्या डॉक्टरनं विचारलं, मागच्या ऑपरेशनात काय झालं होतं? यानं सगळं सांगितलं. तो डॉक्टर म्हणाला, आमच्याकडं काय चुकलं ते आम्हाला कधी कळतच नाही, तुम्हाला टाक्याटाक्याचं सांगितलं, तिथंच जा. हा घरी आल्यावर म्हणाला, अम्मी, आपण तंबोरा विकतो आणि नंतर कळलं की पट्टीत खोट राहिली, तर अब्बा काय करायचे? मी म्हटलं, गिऱ्हाइकाच्या घरी जायचे. स्वतः. शिव्या खायचे आणि तिथंच बसून नीट करायचे."

"मग?"

"मग काय? येतोय सोमवारी. पण म्हणतो, एक अट आहे. आत मावशी पाहिजेत."

"माझ्याच हातनं बिघडलं ते..."

"म्हणूनच म्हणतो. म्हणतो, आता त्या मावशींइतकं ती काच दुसरं कोण बघणार आहे?"

सोमवारी जमीरला आत घेतलं. शेवंतानं त्याचा हात धरला, पण या वेळी काही बोलली नाही. तोच म्हणाला, "मावशी, गप्प का? म्हणा की." ती म्हणाली, "आता बाहेर आल्यावर म्हणीन." तो हसला आणि गुंगीत गेला.

नव्या रीतीची ही पहिलीच शस्त्रक्रिया होती. काचभिंतीपलीकडं सातआठ डॉक्टर बघायला उभे होते, दोघं तर बंगळुरूहून आलेले. सुरी चालवण्याआधी थिएटरात एक रिवाज असतो. आत असलेल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. सर्जन सांगतात, भूलतज्ज्ञ सांगतात, सिस्टर सांगतात. मावशांना कुणी विचारत नाही. फरशी आणि बादल्यांचं नाव काय सांगायचं?

बाईंनी आपलं नाव सांगितलं. भूलतज्ज्ञांनी सांगितलं. केतकीनं सांगितलं. रोझलिन सिस्टरांनी सांगितलं. सिस्टरांनी सवयीनं सुरी पुढं केली.

बाईंनी हात पुढं केला नाही. त्या थांबल्या. त्यांची नजर टेबलाच्या पायाशी, यंत्राच्या बाजूला उभ्या असलेल्या शेवंतावर होती. काचभिंतीपलीकडचे डॉक्टरही तिकडं बघायला लागले. शेवंताला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं पाठ ताठ केली, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत तिचा आवाज मोठ्यानं उमटला.

"शेवंता आवटी. थिएटर अटेंडंट. निळ्या उजेडात काच मी बघितली. स्वच्छ हाय."

"सुरी," बाई म्हणाल्या.